केरबा सुताराचा मोडका रंधा

रंधा मोडला तो माघातल्या एका सकाळी, उन्हं नुकती छपरावर आली होती तेव्हा, आणि त्या घटकेला केरबा सुताराला आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हतीच. आजानं शिसवाच्या गाभ्यातून घडवलेला हातभर लांबीचा रंधा, तीन पिढ्यांचा घाम प्यालेला, त्याचं तोंड फुटतं, पात्याचा टवका उडतो, आणि सुताराला सुटल्यासारखं वाटतं, हे दुसऱ्या कुणा सुताराच्या कानावर गेलं असतं तर त्यानं केरबाला वेड्यात काढलं असतं.

पण तो रंधा कशावर चालला होता ते आधी सांगायला पाहिजे. तो चालला होता गोपाळकृष्ण मास्तरांच्या घराच्या दारावर. आणि दार होतं गावातल्या मातब्बर भाऊसोच्या खोपीत. मास्तरांचं दार भाऊसोच्या खोपीत कसं, असं विचाराल तर त्या साली आमच्याकडं पुष्कळांच्या वस्तू पुष्कळांच्या खोपीत होत्या, आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं.

गाव येरळेच्या काठचं, तासगावपासून अडीच कोसांवर. मास्तर म्हणजे गावच्या शाळेत तीस वर्षं घासलेला माणूस. निम्म्या गावाला त्यांनी छडीनं बाराखडी शिकवलेली. पेन्शनीत निघाल्यावर अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय ओढत चालायला लागले. मूलबाळ नाही. घरात ते आणि गोदावरीकाकू. काकू तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी बाळंतीण असली तर तूप घालून आळीव पाठवणाऱ्या.

त्यांचं ते दार केरबाच्या बापानं, ज्ञानू सुतारानं केलेलं. केरबा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि बापाला पटाशी द्यायचं काम करत होता. दोन फळ्यांचं सागवानी दार, मधोमध पाकळ्यांचं कमळ, अर्धं ह्या फळीवर अर्धं त्या फळीवर, मिटलं की पुरं व्हायचं. लोखंडाचा खिळा म्हणून एक नाही, सगळी कुसवांची, लाकडात लाकूड बसवलेली जोडणी. ज्ञानू म्हणायचा, खिळा मारतो तो सुतार कसला, तो लोहाराचा चाकर.

आणि ह्या घरच्या सुतारांची एक रीत होती. दाराला आतून आडणा असतो ना, भिंतीतून सरकणारा, तर चौकटीत एका जागी बोटभर जाडीची खुंटी बसवलेली असायची. बाहेरनं बघितली तर लाकडाची गाठच वाटावी. ती उपटायची, भोकातून पटाशी घालायची आणि आडणा मागं सारायचा. पोर आत कोंडलं, म्हातारं माणूस आत पडलं, तर दार फोडावं लागू नये म्हणून. तिला ते चोरखुंटी म्हणत. ती कुठं आहे हे घरधन्याला एकदा दाखवायचं आणि पुन्हा आयुष्यात तोंडातून काढायचं नाही. देवाची शपथ घेतल्यासारखी ती रीत होती. केरबानं चाळीस वर्षं ती पाळली.

मग गांधीजींचा खून झाल्याची बातमी आली. मारणारा ब्राह्मण, हेही मागोमाग आलं. आणि मास्तरही ब्राह्मण. तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं जमली. थोडी बाहेरगावची, थोडी गावातलीच. बाहेरच्यांनी जाळलं असं गाव पुढं म्हणत राहिलं. आता बाहेरच्याला मास्तरांचं घर कोणतं हे काय स्वप्नात दिसलं होतं?

केरबाचं घर मागच्याच आळीत. कालवा ऐकून तो धावत आला. मास्तरांचं दार आतून बंद होतं, आणि एक दांडगा गडी कुऱ्हाड घेऊन पुढं झाला होता. पहिला घाव दाराच्या कडेला बसला. ढलपी उडाली आणि आतलं पिवळंधमक सागवान दिसलं.  केरबा गर्दीत घुसला आणि घसा फाडून ओरडला, "आरं, दार फोडू नगा! दार फोडू नगा!"

कुऱ्हाडवाल्यानं त्याला बाजूला लोटलं आणि दुसरा घाव उगारला, आता कमळावर. तेव्हा केरबा म्हणाला, "थांब गड्या. फोडायचं काय काम न्हाई. मी उघडतो."

आणि त्यानं उघडलं. खुंटी उपटली, कमरेची पटाशी घातली, आडणा सरकवला. एवढ्याशा कामाला चिलीम पेटवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. दार कुरकुर न करता उघडलं, ज्ञानू सुताराच्या हातचं ते. केरबा बाजूला झाला आणि माणसं आत गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. काकू मागल्या दारानं परसात पोचल्या होत्या. मास्तरांना ओढत आणायला आणखी थोडा वेळ मिळाला असता तर दोघंही उसात शिरले असते. तो वेळ मिळाला नाही. मास्तर माजघराच्या उंबऱ्याशी सापडले. त्यांना मारलं नाही म्हणतात, नुसतं ढकललं. अर्धांगाच्या माणसाला नुसतं ढकललं म्हणजे काय, तर ते ओसरीच्या पायऱ्यांवरून खाली आले आणि तिथंच पडून त्यांनी आपलं घर जळताना बघितलं. आग दारापर्यंत पोचायच्या आधी, धुरातूनच भाऊसोच्या गड्यांनी दाराच्या फळ्या तेवढ्या उचलून बाहेर काढल्या. चांगलं सागवान होतं. ते कशाला जाळायचं?

भाऊसो हे गावचं मोठं खटलं. विहिरीवर दहा एकर ऊस, थोरला मुलगा पलटणीत सुभेदार. जाळणाऱ्यांत तो नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाड्या राखेतून तुळया आणि खांब काढून आणायला गेल्या, एवढंच. "कुणीतरी न्हेलंच असतं, मी न्हेलं," असं तो म्हणाला आणि त्याला ते खरंच पटलेलं होतं. त्याचं नवं घर बांधून होत आलेलं, वैशाखात धाकट्या मुलाचं लग्न. त्यानं केरबाला बोलावलं आणि दार दाखवलं.

"वरचं काळं आन् ते कमळ तासून काढ," भाऊसो म्हणाला. "पंचनाम्याला पोलीस हिंडायल्यात. वळखू येता कामा नये. कोरं दार पायजे मला."

आता केरबानं नाही म्हणायचं कसं? गावकीचा सुतार तो. वर्षभर गावाचे नांगर, कुळव, मोटेची चाकं करायची आणि खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याच्या पेंढ्या आणायच्या, हा त्याचा जन्माचा करार. भाऊसोच्या खळ्यावर पेंढी मिळाली की मागोमाग सगळं गाव देतं, भाऊसोनं हात आखडला की सगळं गाव आखडतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? केरबा रंधा घेऊन गेला.

जुन्या लाकडाला रंधा लावायच्या आधी सुतार त्यावरून तळवा फिरवतो, खिळा लागतो का बघायला. केरबानं नाही फिरवला. ह्या दारात खिळा नाही हे त्याला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. पण कधीतरी काकूंनी तोरण बांधायला एक खिळा ठोकला होता, त्याचं डोकं मोडलं होतं आणि वर धुराचं पुट बसलं होतं. तिसऱ्याच हाताला कडकन आवाज झाला. पात्याला करंगळी बसेल एवढी खाच पडली, आणि जिथून पापुद्रे वर येतात ते रंध्याचं तोंड पुढच्या अंगाला उभं फुटलं.

भाऊसो आला, बघितलं, म्हणाला, "किती दिस लागतील?"

"ठिगळ बसलं तर बसलं," केरबा म्हणाला. "न्हाईतर मोडीतच घालायचा."

हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे तर सुटकेचं दार उघडलं. न करता सुटायची वाट सापडली. धाकट्या रंध्यानं एवढी फळी सपाट होत नाही. दुसऱ्याचा रंधा सुतार मागत नाही आणि कुणी देतही नाही. आणि दुसऱ्या गावचा सुतार केरबाच्या गावात हत्यार उचलू शकत नाही, ती गावकी केरबाची. रंधा मोडीत गेला तर भाऊसोचं दार तसंच पडणार, आणि नाही म्हटल्याचं पापही केरबाच्या माथी येणार नाही. वर आणखी एक गोष्ट त्याच्या मनात होती, ती त्याला स्वतःलाही धड कबूल करता येत नव्हती. आजाचा रंधा चुलीत गेला म्हणजे आपलंही काही जळालं, असं म्हणता आलं असतं.

गुंडा लोहारानं पातं एका दुपारात घासून, पाणी पाजून नवं करून दिलं. "लाकडाचं तू बघ," गुंडा म्हणाला. "आर्ध्या दिसाचं काम हाय तुझं." केरबानं पातं फडक्यात गुंडाळलं आणि आढ्याला खोचलं. रंधा कोनाड्यात ठेवला. भाऊसोचा गडी सिद्धू दर दिवसाआड यायचा, उंबऱ्यात टेकायचा, "झाला का रंधा?" म्हणायचा. केरबा म्हणायचा, शिसवाचा तुकडा मिळंना.

सातआठ दिवस बनुबाईनं हे ऐकून घेतलं. बनुबाई केरबाची बायको. चार लेकरं पोटाला आली, दोन राहिली, दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या. ती कधी आवाज चढवत नसे आणि त्यामुळंच केरबा तिला वचकून असे.

"आवं, बाभळीचं ठिगळ लावा की," ती म्हणाली.

"बाभळ शिसवाला धरत न्हाई."

"मग चिंचंचं लावा."

"चिंच फुगती पावसाळ्यात."

"मास्तराच्या दाराला तुमचा हात धरंना, आसं सरळ सांगा."

 केरबा म्हणाला, "मोडीत घालतो. झालं?"

"घाला की. आन् उद्या गावचं जू, मोटंचं चाक काय दातानं तासणार हायसा? भाऊसो खळ्यावरनं रिकाम्या हातानं लावून दील तवा ह्यो रंधा शिजवून घालू व्हय मी?" एवढं बोलून ती पाण्याला निघून गेली.

त्याच आठवड्यात सांगलीहून शाळेत कार्ड आलं. काकूंना आणि मास्तरांना पुतण्यानं सांगलीला नेलं होतं. तिथं नवव्या दिवशी मास्तर गेले. गावात कुणी फार बोललं नाही. पारावर एकदोघांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि म्हणाले, वय झालंच होतं. केरबा घरी आला, कोनाड्यातला रंधा काढला, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधला आणि बनुबाईला म्हणाला, "सांगलीला जातो. शिसव बघतो."

 तिनं भाकरी बांधून दिली.

तासगावपर्यंत पायी, तिथून मोटारीनं सांगली. पुतण्याचं बिऱ्हाड गावभागात, एका चौकातल्या दोन खोल्या. वाटभर केरबानं एकच वाक्य घोकलं होतं, काकू, आडणा मी काढला. पुढं त्या चपलेनं मारोत, पोलिसात देवोत, रंधा त्यांच्या पायाशी ठेवायचा आणि म्हणायचं, ह्याला मोडीत घालतो, ह्यापुढं हात लावत न्हाई. मग जे व्हायचं ते होवो.

काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी लुगडं. कपाळ मोकळं. केरबानं त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

"कोण, केरबा?" काकू म्हणाल्या. "ये. बस. अगं, ह्याला पाणी आण. गावाहून आलाय."

आतून पुतण्याची बायको तांब्या घेऊन आली. काकू तिला म्हणाल्या, "हाच तो. मी सांगत होते ना, तो."

केरबाला काही कळेना. घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण काकूच बोलायला लागल्या.

"मी आतून ऐकलं रे सगळं. एवढा कालवा चालला होता, पण तुझा आवाज ओळखला मी. दार फोडू नका, दार फोडू नका. सबंध गावात एक माणूस ओरडला. ह्यांनीही ऐकलं. नऊ दिवस जीभ जड झाली होती, पण शुद्ध आली की तेच म्हणायचे, केरबा होता गं, केरबा आडवा आला. जाईपर्यंत ते एकच घेऊन बसले होते. गाव अगदीच वाईट नाही, म्हणायचे. तेवढ्यावर गेले."

केरबानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. 

"फडक्यात काय आणलंस?" काकूंनी विचारलं.

त्यानं गाठ सोडली. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून सांगितलं, "रंधा हाय. तोंड फुटलंय. मोडीत घालायचा का नीट करायचा, काय सुदरंना."

"मोडीत का म्हणून? ज्ञानूच्या हातात पाहिलाय मी हा. काय लागतं नीट करायला?"

"शिसवाचा तुकडा. जुना, मुरल्याला."

काकू भिंतीला धरून उठल्या. कोपऱ्यात मास्तरांची काठी उभी होती. त्या दिवशी मास्तरांच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज घरातली तेवढीच वस्तू बाहेर आली होती, कारण ती त्यांच्या मुठीत होती. काळसर शिसवाची, मुठीशी झिजून गुळगुळीत झालेली. काकूंनी ती आणून केरबाच्या मांडीवर ठेवली.

"ह्यातून होईल का बघ. आता चालणारं कोण आहे? तुझं पोट त्या हत्यारावर आहे बाबा. हत्यार मोडीत घालू नये."

केरबाला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, कुणाच्या घरात असा रडला नव्हता. काकूंना वाटलं मास्तरांच्या आठवणीनं रडतोय, त्या म्हणाल्या, उगी. तेव्हा त्याला राहवेना.

"काकू, आडणा मी काढला," तो म्हणाला. "खुंटी मी उपटली. आमच्या बानं ठेवल्याली. त्येंस्नी काय ठावं नव्हतं. मी उघडून दिलं."

काकू उभ्याच राहिल्या. बाहेर चौकात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मग ओरडलास कशाला?" त्यांनी विचारलं.

"दारावर कुऱ्हाड घातली त्येनी. कमळावर घालणार व्हता."

"म्हणजे दारासाठी ओरडलास."

केरबानं होकाराची मान हलवली.

"आम्ही आत होतो, ते?"

ह्याचं उत्तर त्यानं किती रात्री शोधलं होतं. आपण घाबरलो होतो, असं म्हणता आलं असतं. दार उघडलं तर जाळणार नाहीत असं वाटलं, असंही म्हणता आलं असतं. पण तसं काही नव्हतं. त्या घटकेला त्याला आतली माणसं आठवलीच नव्हती. सुताराची नजर लाकडावर.

"ध्यानातच आलं न्हाई, काकू," तो म्हणाला.

काकू हळूच खाली बसल्या.  म्हणाल्या, "बरं झालं हे गेले. हे ऐकायला राहिले नाहीत."

केरबानं काठी उचलून त्यांच्यापुढं ठेवली. म्हणाला, दार भाऊसोच्या खोपीत हाय, त्यो तासायला सांगतोय, मी करणार न्हाई, ह्यो रंधा आजच जाळतो, तुमच्यासमूर जाळतो.

"रंधा जाळून काय होणार?" काकूंचा आवाज चढला नव्हता, नुसता कोरडा झाला होता. "लाकूड जळेल. लाकडं पुष्कळ जळली आमची. तू मोकळा होशील तेवढा. ते नको." त्यांनी काठी परत त्याच्याकडं सरकवली. "हिचं ठिगळ लाव. आणि ज्या दारासाठी ओरडलास ते तुझ्याच हातानं तास. पंचनाम्यात मी ते लिहिलेलं नाही, मला ते नको आहे. पण कमळ ठेवून कुणी त्या दारातून जायला नको. सगळं काढ. आता जा तू."

केरबा उठला. पाया पडायला वाकला तर काकूंनी पाय आखडून घेतले.

गावाकडं आल्यावर त्यानं काम काढलं. अर्ध्या दिवसाचं काम, गुंडा म्हणाला ते खोटं नव्हतं. काठीचा मुठीकडचा तुकडा कापला. रंध्याचं फुटलेलं तोंड चौकोनी कोरून काढलं, तुकड्याला पारव्याच्या शेपटीसारखा आकार दिला आणि सरसात बसवला. रात्रभर दाबून ठेवला. सकाळी आढ्यातलं पातं काढून घातलं, पाचर ठोकली. बनुबाईनं ठिगळावरून बोट फिरवलं, जोड कुठं जाणवला नाही. "कुठं मिळालं म्हनं शिसव?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती चुलीपाशी गेली आणि तिनं भाकरी थापायला घेतली, पण त्या सकाळी तिच्या दोन भाकरी करपल्या.

भाऊसोच्या खोपीत केरबानं आधी फळीवरून तळवा फिरवला, कोना न् कोना, आणि तो मोडका खिळा उपटून काढला. मग रंधा लावला. असा रंधा त्याच्या हातात कधी चालला नव्हता. पहिल्या हातांना पाकळ्यांच्या कडा गेल्या, मग पाकळ्या, मग नुसता एक डाग राहिला, मग तोही गेला. खालून ताजं पिवळं सागवान निघालं आणि खोपीभर नव्या लाकडाचा वास सुटला.

भाऊसो पान खात आला. फळीवरून हात फिरवून खूश झाला. "वा गड्या," तो म्हणाला. "कुणी म्हणणार न्हाई जुनं दार हाय म्हून. अंदा तुला दोन पेंढ्या जादा." मग त्यानं रंधा उचलून बघितला आणि तोंडापाशी अंगठा टेकवला. "ठिगळ झ्याक बसलंय. एवढं मुरल्यालं शिसव घावलं कुठं तुला?"

"सांगलीत," केरबा म्हणाला. "मास्तरांची काठी हाय ती. काकूंनी दिली. ह्या दारासाठीच दिली."

भाऊसोनं रंधा खाली ठेवला. अंगठा धोतराला पुसला. पान तसंच गालात धरून तो घराकडं निघून गेला. केरबानं तासलेली फळी भिंतीला उभी केली आणि दुसरी खाली घेतली.